धुरातली सात मतं

आला बाबा पुन्हा! परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि आधी वाटलं, शेजारच्या मलाय मावशींचं काहीतरी करपलं. मग समोर पाहिलं. पलीकडच्या ब्लॉकच्या भिंतीवरचा भलामोठा नंबर वाचता येत नव्हता. घशात खवखव, जिभेवर राखेची चव. बांबूवर वाळत घातलेले कपडे भराभरा आत ओढले, खिडकी लावली आणि फोनवर हवेचा आकडा बघितला. सुमात्रात कुठेतरी जंगल जळतं, जमीन जळते, वारा फिरतो आणि तो सगळा धूर समुद्र ओलांडून सिंगापूरच्या बेडोकमधल्या आमच्या बाराव्या मजल्यावर येतो. दर वर्षी येतोच असं नाही. मधली तीन वर्षं जवळजवळ नव्हताच. यंदा आला.

माझा मुलगा ईशान शाळेचे बूट घालता घालता म्हणाला, "जस्ट ऑन द एअरकॉन लाह, मम्मी." हे 'लाह' इथली मुलं प्रत्येक वाक्याला जोडतात. ईशानला धुराचं काही नाही. शाळा बंद होईल का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

या शहराला ऋतू नाहीत, अशी मी इथे आल्यापासून कुरकुर करते. बारा महिने तोच उकाडा, तोच दुपारचा धबाधबा पाऊस, तीच हिरवी झाडं. पुण्यात कसं, हवेत जरा गारवा आला की कपाटातून शाली बाहेर निघतात आणि माणसाला कळतं की वर्ष सरकलं. इथे नखं वाढतात तेवढंच. पण हा धूर मात्र मला वासावरून ओळखता येतो, आणि तो आला की मला आंबेरकर काका आठवतात. मी काकांशी खोटं बोलले ते याच दिवसांत, चार वर्षांपूर्वी, दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात. ओळखीपाळखीत मी फटकळ म्हणून प्रसिद्ध आहे. 'वीणाला विचारा, ती तोंडावर सांगेल' असं लोक म्हणतात. काकाही तसंच समजायचे.

आमचं एक मंडळ आहे, पूर्वकिनारा स्नेहमंडळ. नाव भारदस्त, जीव केवढासा. बेडोक, मरीन परेड आणि आजूबाजूची पन्नास-साठ मराठी घरं, आणि लांब जुरोंग ईस्टहून तास-तास एमआरटीच्या गाडीत बसून हौसेनं येणारी दोन कुटुंबं. गणपती, दिवाळी, कोजागिरी, मुलांचं एक नाटुकलं, संपलं. आंबेरकर काका सहा वर्षं त्याचे अध्यक्ष होते. दर दोन वर्षांनी निवडणूक, पण निवडणूक म्हणजे काय तर कोणीतरी 'काकाच राहू देत' म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि मग चहा. मराठी माणसांच्या मंडळात निवडणूक होणं ही नामुष्कीच समजतात. बिनविरोध झाली म्हणजे मंडळ सुखात आहे.

काका म्हणजे बुटका, रुंद, गुहागरचा माणूस. जन्मभर मालवाहू जहाजांवर, शेवटी चीफ इंजिनियर, मग इथल्या बंदरात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख, आणि आता निवृत्त. चष्मा दोरीला बांधलेला. शर्टाच्या खिशात कायम एक छोटी वही आणि पेन्सिल. पेन कधीच नाही, इंजिनरूमच्या उष्म्यात पेन गळतं म्हणायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी पेन वापरायला तयार नव्हते. मूलबाळ नाही. मरीन परेडच्या फ्लॅटमध्ये ते आणि काकू, दोघंच, आणि त्यांच्या बेडरूमच्या कपाटात मंडळाचा संसार, म्हणजे समई, सतरंज्या, माइक, आरत्यांच्या झेरॉक्स, गणपतीचं मखर. काकूंच्या साड्या खाटेखालच्या पेट्यांत.

काकांचं चुकत नव्हतं असं नाही. चुकत होतं. कार्यक्रम सहाला म्हणजे सहाला, पाच मिनिटं उशीर झाला की सगळ्यांसमोर घड्याळ दाखवायचे. मुलांनी स्टेजवर इंग्रजी शब्द बोलायचा नाही. आता इथल्या शाळेत जाणारी मुलं, त्यांना 'सूर्यफूल' म्हणताना घाम फुटायचा. ईशान तर म्हणालाच होता, "आय नॉट गोइंग" आणि पुढे काहीतरी लाह. सिनेमाची गाणी नकोत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको, नोटीस कागदावर. ती नोटीस मी लिहायची, कारण माझं अक्षर बरं आणि काकांना छापलेलं आवडत नसे. नव्याने आलेली तरुण मंडळी, सगळी आयटीतली, हळूहळू यायची बंद झाली. त्यांचा म्होरक्या होता निखिल. पुण्याचाच, हुशार, हसरा, कोणालाही आवडेल असा. त्या वर्षी निखिलने अध्यक्ष व्हावं असं तरुणांचं ठरलं. माझंही तेच मत होतं. आजही आहे. मतात काही चूक नव्हती.

गंमत म्हणजे त्याच पंधरवड्यात इथली खरी निवडणूक होती. दिव्याच्या प्रत्येक खांबावर हसऱ्या चेहऱ्यांची पोस्टरं. आमच्या भागाचे एमपी पुन्हा उभे होते. पांढरे कपडे घालून ते बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपुढे, टेबलाटेबलाशी जायचे, आजोबांच्या खांद्यावर हात ठेवायचे, लिफ्टने वर जाऊन एकेक दार ठोठावायचे. धुरात ती पोस्टरं मळकट दिसायची. आमच्या दारावरही टकटक झाली होती. मी म्हटलं, आम्हाला मत नाही हो, आम्ही एम्प्लॉयमेंट पासवाले, नोकरीपुरते. तर ते गृहस्थ तरीही हसले, हात मिळवला, हवा वाईट आहे, खिडक्या बंद ठेवा म्हणाले. मला बरं वाटलं आणि मग उगाच रडू आलं. पुण्याच्या यादीतून आमचं नाव कधीच गेलं होतं. इथे नाही, तिथे नाही. काका तर वीस वर्षांहून जास्त इथे, पण पीआर, म्हणजे कायमचे रहिवासी, नागरिक नव्हे. पीआरलाही मत नसतं. हे सगळं आठवलं की मला कळतं की त्या मंडळाच्या निवडणुकीत काकांचं काय होतं. या जगात जिथे काकांना मत होतं आणि काकांना कोणी मत देऊ शकत होतं, अशी ती एकच जागा होती.

तरुणांची बैठक त्याच हॉकर सेंटरमध्ये झाली. पंख्याखाली आठजण, सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, निम्म्यांचे मास्क हनुवटीवर. निखिल म्हणाला, "काकांच्या विरुद्ध उभं राहायचं मला नाही पटत. त्यांनी स्वतःहून बाजूला व्हावं. आपण सत्कार करू, शाल देऊ, सल्लागार करू. पण हे त्यांना सांगायला हवं." मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"वीणाताई, तुम्हीच सांगू शकता."

मी म्हटलं, "सांगते की. त्यात काय एवढं!"

मतदानाच्या दिवशी सगळ्या सिंगापूरला सुट्टी होती. दुपारी मी मरीन परेडला गेले. बसमधून समुद्र दिसतो तिथे समुद्र नव्हता, नुसता करडा पडदा. शाळांसमोर मतदानाच्या रांगा, लोक तोंडाला रुमाल लावून उभे. मी मनात वाक्य घोकत होते, 'काका, आता नव्या लोकांना करू द्या.' सोपं वाक्य. मी दिवसभर ऑफिसात लोकांच्या कामातल्या चुका काढते, तोच माझा धंदा, आणि पगार त्याचाच मिळतो.

काकांनी दार उघडलं. "ये, ये. मास्क आत येईपर्यंत काढू नकोस." खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावलेले. काकूंनी विचारलंही नाही, समोर बशी ठेवली. खांडवी होती. तांदळाच्या रव्याची, गुळातली, आल्याचा वास असलेली, वर ओलं खोबरं. मला आवडते म्हणून केली होती. मी येणार असं सकाळी कळवलं होतं तेव्हापासून त्या खोबरं खवत बसल्या असणार. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटायला लागला होता तेव्हा, आणि वड्या थोड्या वेड्यावाकड्या कापलेल्या होत्या.

मी पहिली वडी तोंडात टाकली आणि काकांनीच विषय काढला.

"वीणा, तुला एक विचारायचंय. तुलाच विचारतो, कारण बाकीचे गोड बोलतात. यंदा उभा राहू की नको?"

माझ्या तोंडात वडी होती.

"हे बघ," ते म्हणाले, "जहाजावर टाकीत तेल किती आहे ते टेप सोडून मोजतात. खाली गेलेला पोरगा येऊन मला आकडा सांगायचा. मी काही दर वेळी खाली उतरून बघत नसे. तो सांगेल ते खरं धरून जहाज चालायचं. वाईट आकडा सांगणाऱ्यावर मी जन्मात ओरडलो नाही. पण मला बरं वाटावं म्हणून चांगला आकडा सांगणारा एक होता, त्याला मी पुढच्या बंदरात उतरवला. तेव्हा तू सांग. नाही म्हणालीस तर मला राग येणार नाही. उलट या कपाटातून साड्यांना जागा होईल, ही तरी खूश होईल."

काकू हसल्या. म्हणाल्या, "मी कशाला खूश होते? गणपतीत घर भरलेलं असतं तेवढंच. एरवी कोण येतंय?" आणि माझ्या बशीत आणखी दोन वड्या घातल्या.

झालं. तिथेच माझं घोकलेलं वाक्य अडलं. भीड म्हणतात ती हीच. आपल्या लोकांत दुसऱ्याच्या घरी बसून, त्याच्या हातचं खाता खाता, त्याला नाही म्हणता येत नाही. रस्त्यात म्हणता येतं, फोनवर म्हणता येतं, पाठीमागे तर काय वाट्टेल ते म्हणता येतं. मी फटकळ वगैरे सगळं खोटं, माझा फटकळपणा सगळा ज्यांचं काही बिघडत नाही अशांपुरता. मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं, काका? तुम्हीच हवे आहात. सगळ्यांचं तेच म्हणणं आहे." नुसतं 'राहा' म्हणाले असते तरी चाललं असतं. 'सगळ्यांचं' कुठून आलं कोण जाणे. गोड बोलायला लागलं की मापात राहत नाही.

काका बघत राहिले. म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

त्यांनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं, पेन्सिल परत खिशाला अडकवली. काकूंनी चहा टाकला. आम्ही मखराबद्दल बोललो.

इथवरचं मी स्वतःला कदाचित माफ केलं असतं. परतताना बसस्टॉपवर निखिलचा फोन आला. "काय म्हणाले काका?" धूर इतका की येणाऱ्या बसचा नंबर दिसत नव्हता. मी खोकले, आणि त्या खोकल्यात मला वेळ मिळाला. म्हटलं, "सांगितलं मी. स्पष्ट सांगितलं. ते ऐकायला तयार नाहीत."

"काय म्हणाले पण?"

"हट्टी आहेत रे. आपलं म्हातारपण मान्य नाही त्यांना."

ती दोन वाक्यं मी कशाला घातली? एका खोट्याला टेकू द्यायला दुसरं लागतं म्हणून? की काकांवरच राग आला होता, त्यांनी मला असं विचारलं म्हणून? निखिल मग म्हणाला, "ठीक आहे. मग होऊ दे निवडणूक." त्याचा हसरा आवाज गेला होता. दोन दिवसांत सगळ्यांना कळलं की वीणाताईंनी एवढं समजावलं तरी काका खुर्ची सोडत नाहीत. ज्यांना काकांबद्दल प्रेम होतं त्यांनाही राग आला.

आणि काका प्रचाराला निघाले! एमपींचं बघून असेल. धुरात, मास्क लावून, त्या बुटक्या पायांनी, एकेका ब्लॉकची लिफ्ट चढून, प्रत्येक मराठी घराची बेल वाजवत. लोक दार उघडायचे, आत बोलवायचे, चहा द्यायचे आणि सगळे म्हणायचे, "काका, तुम्हीच." निखिलच्या घरीही गेले होते. निखिल तेवढा म्हणाला, "काका, मीही उभा आहे." काका म्हणाले, "शाब्बास, दोघांनी लढू." निखिलच्या बायकोने त्यांना लाडू दिला. बाकी प्रत्येक घरात वही निघायची आणि वहीत 'हो' पडायचा. मी त्यांना एकदा बेडोकच्या बाजाराजवळ पाहिलं, एका खांबाला हात टेकून उभे होते, खोकत होते. खांबावर एमपींचं पोस्टर होतं, निवडून येऊन आठवडा झाला तरी काढायचं राहिलं असावं. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेले.

गणपती झाले. त्या वर्षी आरतीला मोठा आवाज लागतच नव्हता कोणाचा. घसेच बसलेले. मध्ये एक दिवस धूर इतका वाढला की शाळा बंद ठेवल्या. ईशान आनंदाने नाचला आणि मी घरात खिडक्या लावून बसले. त्या दिवशी पुरेपूर वेळ होता. मरीन परेड बसने वीस मिनिटं. फोन तर हातातच होता. मी कपाटं आवरली.

सभा रविवारी दुपारी होती, कम्युनिटी क्लबच्या एका खोलीत. एकूण एकसष्ट माणसं. एवढी गर्दी आमच्या सभेला पूर्वी कधी झाली नव्हती, आणि काकांना ते बघून आनंद झाला. प्रत्येकाला ते "या, या" करत होते. नव्या पांढऱ्या शर्टाची घडी मोडलेली दिसत होती. काकू पहिल्या रांगेत, हात पदराखाली धरून. कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या, एका स्टीलच्या डब्यात गोळा केल्या. मोजणार कोण, तर काका म्हणाले, अध्यक्ष मी आहे, सभा माझी आहे, मीच वाचतो. कोणीतरी म्हणालं, "राहू द्या ना काका, दुसरं कोणी वाचेल." ते म्हणाले, "रीडिंग मोठ्याने वाचायचं असतं. मला सवय आहे."

पहिली चिठ्ठी. "निखिल."

दुसरी. "निखिल."

तिसरी, चौथी, पाचवी. आवाज एकसारखा, घाई नाही, थांबणं नाही. दहाव्या की अकराव्या चिठ्ठीला "आंबेरकर" आलं तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. मग पुन्हा निखिल, निखिल. लोक खाली बघायला लागले. ज्यांनी आदल्या आठवड्यात चहा दिला होता ते सगळे तिथेच बसले होते, आणि बऱ्याच जणांनी खोलीत एअरकॉन असूनही मास्क पुन्हा नाकावर ओढले. मीही ओढला.

आणि मग मला आठवलं. तरुण पोरांनी इंग्रजी अक्षरांत नाव लिहिलं होतं, तीच त्यांची सवय. मी मराठीत लिहिलं होतं. सहा वर्षं ज्या अक्षरात त्यांच्या नोटिसा लिहिल्या त्या अक्षरात, ठसठशीत, रेघ ओढून. मी डब्याकडे बघत राहिले. काकांनी एक चिठ्ठी उघडली, चष्मा नीट केला. फार नाही, श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ थांबले. माझ्याकडे बघितलं नाही.

"निखिल," ते म्हणाले, आणि पुढची चिठ्ठी उचलली.

काकांना सात मतं पडली. त्यांतलं एक त्यांचं, एक काकूंचं. काकांनी सातचा आकडा स्वतः फळ्यावर लिहिला, निखिलशी हात मिळवला आणि म्हणाले, "सभा संपली. चहा घेऊन जा सगळ्यांनी." चहा कोणाला जात नव्हता. निखिलच रडवेला झाला होता. तो मला कोपऱ्यात गाठून म्हणाला, "त्यांनी तुमचं ऐकायला हवं होतं हो, ताई." मी मान हलवली. तेव्हाही मी मानच हलवली.

खाली उतरल्यावर फाटकापाशी काका-काकू टॅक्सीची वाट बघत उभे होते. टाळता येणार नाही अशा अंतरावर मी पोचले होते. काका म्हणाले, "मास्क नीट लाव. धूर आहे." बस, एवढंच. काकू माझ्याकडे बघून हसल्या, नेहमीसारख्याच. त्यांना माझं अक्षर माहीत नव्हतं.

पंधरा दिवसांनी मंडळाचं सामान आमच्या घरी आलं, कारण नव्या समितीत मी चिटणीस. काकांनी सगळं नीट बांधून, वर यादी चिकटवून पाठवलं होतं. समई पुसून. माइकची वायर गुंडाळून. आरत्यांच्या झेरॉक्सच्या खाली ती छोटी वही होती. चुकून आली असेल असं म्हणायला मला आवडेल, पण काका कुठली वस्तू चुकून कुठे ठेवणाऱ्यातले नव्हते. मी उघडली. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, घरांची नावं आणि पुढे हो, हो, हो. पानंच्या पानं. पहिल्या पानावर मात्र एकच ओळ होती. 'वीणा हो म्हणाली. मग उभं राहायला हरकत नाही.'

म्हणजे ती बाकीची घरं नुसती औपचारिकता होती. तो माणूस माझ्या एका आकड्यावर निघाला होता.

नंतरचं सांगण्यासारखं फार नाही. काका पुढच्या गणपतीला आले, मागच्या रांगेत बसले, सहाच्या ठोक्याला. कार्यक्रम पावणेसातला सुरू झाला. मुलांनी सिनेमाच्या गाण्यांवर नाच केला, ईशानसुद्धा नाचला, सगळे खूश. काकांनीही टाळ्या वाजवल्या. त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी फ्लॅट विकला आणि गुहागरला गेले. मी आवराआवर करायला गेले होते. मनात नवं वाक्य घोकून गेले होते. काकूंनी बशी पुढे ठेवली, हात आता चांगलाच कापत होता, आणि मी खाल्लं आणि खोक्यांना चिकटपट्टी लावली आणि परत आले. गेल्या वर्षी पावसाळ्यात काका गेले. काकूंनी फोनवर सांगितलं, "झोपेतच गेले गं. त्रास नाही झाला." मला बरीच वर्षं वाटत होतं की कधीतरी सांगेन. त्या फोननंतर हे 'कधीतरी' संपलं. आता ज्याला सांगायचं तोच नाही, आणि माझ्यापाशी ही वही आहे.

निखिल नोकरी बदलून देश सोडून गेला, दोन वर्षं झाली त्याला. जाताना म्हणाला, "ताई, आता तुम्ही." टाळ्या, चहा. तेव्हापासून पूर्वकिनाऱ्याची अध्यक्ष मी. समई माझ्या कपाटात, मखर ईशानच्या खाटेखाली. पुढच्या महिन्यात माझी मुदत संपते. पुन्हा उभं राहायचं मी जवळजवळ ठरवलं होतं. का नाही? बाजारात भेटतात ते म्हणतात, "ताई, तुम्हीच." ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतात. दिवाळीच्या कार्यक्रमाची यादीही मी करून ठेवली होती. आणि हो, उशिरा येणाऱ्यांना मी घड्याळ दाखवते, हे मला ईशानने सांगितलं.

काल शनिवारी दुपारी ऋचा आली. नव्या मुलांतली, दोनच वर्षं झाली तिला इथे येऊन, मला आवडते ती. आमच्या मजल्यावर पोचूनही ती बराच वेळ लिफ्टपाशीच उभी होती, हे मी दाराच्या जाळीतून बघितलं. घरात आली ती मास्क काढायला विसरली. मी थालीपीठ लावलंच होतं. बशीत गरम थालीपीठ, लोण्याचा गोळा, तिच्या पुढे ठेवलं. इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "ऋचा, यंदा मी उभी राहू की नको गं?"

ती बशीकडे बघून म्हणाली, "हे काय विचारणं झालं, ताई? तुम्हीच हव्या आहात. सगळे तेच म्हणतायत."

मला हसूच आलं. घाबरलं पोरगं. मी हात पुढे केला आणि तिच्या पुढची बशी उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. परत येऊन बसले. म्हटलं, "आता सांग. बोलून झालं की देते."

तिला आधी कळेना. मग डोळे भरले. आणि मग म्हणाली, "नको, ताई. यंदा नको. तुमच्याबद्दल सगळ्यांना खूप वाटतं. पण तुम्ही कोणाला काही करूच देत नाही."

"सगळ्यांचं हेच मत आहे?"

"बहुतेक सगळ्यांचं."

खरं सांगते, भयंकर राग आला. कानशिलं तापली. काय काय केलं मी या लोकांसाठी, ही कालची मुलगी, हिच्या पासच्या कागदांसाठी मी कोणाकोणाला फोन केले, सगळं डोक्यात येऊन गेलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि बंद खिडकीपाशी उभी राहिले. समोरचा ब्लॉक दिसत नव्हता. थालीपीठ गार झालं होतं. मी तवा पुन्हा तापत ठेवला, पीठ थापलं, मधे भोक पाडलं, कडेने तेल सोडलं. ते एका बाजूने भाजून होईपर्यंत राग उतरला होता. आत दुखत होतं, पण श्वास घेता येत होता.

एवढंच होतं ते. एका थालीपिठाला लागतो तेवढा वेळ. काकांना तर तेवढाही लागला नसता. ते म्हणाले असते, "बरं झालं सांगितलंस," वहीत पेन्सिलीने 'नाही' लिहिलं असतं, काकूंना चहा टाकायला सांगितला असता आणि कपाटात साड्यांना जागा झाली असती.